पेरणीआधीचे पैसे

टोमॅटोचे भाव कोसळले, रस्त्यावर क्रेट ओतले गेले की महाराष्ट्रात दोन सूचना हमखास पुढे येतात. शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावं, ही पहिली. शेतावर कृषी पर्यटन सुरू करावं, ही दुसरी. दोन्हींची वाट तशी मोकळी आहे. फळं-भाजीपाला जुलै २०१६ मध्ये बाजार समित्यांच्या नियमनातून बाहेर आला, आणि कृषी पर्यटनाचं राज्य धोरण २०२० मध्ये आलं. तरी चर्चा एका जागी अडून बसते, कारण थेट विक्री म्हटलं की शहरातल्या माणसाला स्वस्त भाजी दिसते आणि कृषी पर्यटन म्हटलं की झोका, पोहण्याचा तलाव आणि मुक्काम.

अमेरिकेत बोस्टनच्या आजूबाजूला जी सामुदायिक शेतं आहेत, त्यांचा हिशेब जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: या दोन सूचना वेगळ्या ठेवल्या म्हणून त्या दोन्ही लंगड्या राहतात. या शेतांवर भाजी, शेतावरचे वर्ग आणि गावाचे उपक्रम मिळून एकच व्यवहार होतो. आणि त्याचा पाया आहे पेरणीआधी हातात पडणारे पैसे.

ही पद्धत अमेरिकेत १९८६ च्या हंगामात दोन शेतांवर सुरू झाली: मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ एग्रेमाँटचं ‘इंडियन लाइन फार्म’ आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधलं ‘टेंपल-विल्टन कम्युनिटी फार्म’. जपानमध्ये असे करार त्याआधीपासून होते. कुटुंबं जानेवारी ते मार्चमध्ये हंगामाच्या वाट्याचे पैसे भरतात. त्या वेळी बाहेर बर्फ असतो. पण बियाणं, रोपांच्या पॉलिहाउसचं इंधन, मजुरांचे पहिले पगार हे खर्च तेव्हाच सुरू झालेले असतात, आणि विक्रीचा पहिला डॉलर जूनशिवाय येत नाही. वाटेकऱ्यांचे पैसे ही मधली दरी भरतात, बिनव्याजी. जून ते ऑक्टोबर अशा साधारण वीस आठवड्यांच्या वाट्याला ६०० ते ९०० डॉलर पडतात.

बदल्यात जे पिकेल ते मिळतं. मागू ते नाही. जूनमध्ये सलगम, मुळे, पालेभाज्या, लसणाचे कोवळे दांडे आणि मध्यावर स्ट्रॉबेरी. जुलैत झुकिनी, काकडी, घेवडा. टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची, मका यांच्यासाठी ऑगस्ट उजाडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भोपळे, रताळी, केल. काही वाफे वाटेकऱ्यांनी स्वतः तोडायला राखलेले असतात: चेरी टोमॅटो, घेवडा, फुलं. ही निवड मजुरीवरून ठरते. चेरी टोमॅटो तोडायला माणूस लावला तर नफा तोडणीतच जातो. म्हणून ते काम वाटेकऱ्याच्या हाती दिलं जातं, आणि मुलं ते आनंदाने करतात.

जोखीम वाटून घेणं म्हणजे काय, हे २००९ मध्ये इथे सगळ्यांना कळलं. बटाटा-टोमॅटोवरचा उशिरा येणारा करपा त्या वर्षी जूनमध्येच अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत पसरला. मोठ्या दुकानांतून विकलेली रोपं हे त्याचं एक कारण होतं, आणि पावसाळी, थंड उन्हाळ्याने त्याला बळ दिलं. पैसे भरूनही अनेक वाटेकऱ्यांना त्या वर्षी टोमॅटो जवळजवळ मिळालेच नाहीत. जुलै २०२३ मध्ये कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातली शेतं पुरात गेली. पुराचं पाणी लागलेली भाजी माणसांच्या खाण्यासाठी विकता येत नाही, जमिनीखालचे कंदसुद्धा नाहीत. त्यामुळे पाणी ओसरल्यावर हिरवंगार दिसणारं शेतही हिशेबात शून्य झालं. बाजारावर अवलंबून असलेला शेतकरी अशा वेळी एकटा बुडतो. इथे तोटा शेकडो घरांत विभागला जातो.

पण असा तोटा सोसून माणूस पुढच्या जानेवारीत पुन्हा पैसे का भरेल? शेतावरच्या वर्गांचं खरं काम इथे आहे. वाटेकरी गळतात ते बहुतेक वेळा महागाईमुळे नाही. पिशवीत आलेल्या नवलकोलाचं काय करायचं हे कळत नाही, भाजी फ्रिजमध्ये सडते आणि अपराधी वाटतं, म्हणून गळतात. म्हणून त्या आठवड्याच्या पिशवीवरच स्वयंपाकाचा वर्ग घेतात. ऑगस्टमध्ये टोमॅटो बरणीबंद करायला शिकवतात, आणि तिथे शिस्त कडक असते: लिटरभराच्या बरणीत दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालायचाच, वर अर्धा इंच जागा सोडायची, आणि ठेचलेल्या टोमॅटोची बरणी उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून ४५ मिनिटं ठेवायची. ताजं लिंबू चालत नाही, कारण त्याची आंबटाई कमी-जास्त असते. आणि आम्लता पुरेशी नसेल तर बंद बरणीत बोट्युलिझम या जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं, जे वासाने किंवा चवीने ओळखता येईलच असं नाही.

ऑक्टोबरमध्ये लसूण लावायला गावकरी येतात. पाकळीचं टोक वर, दोन इंच खोल, सहा इंच अंतर, वर पेंढ्याचा जाड थर. पाकळी उलटी पडली तर कोंब वळसा घालून वर येतो आणि गड्डा वेडावाकडा, लहान भरतो. जूनमध्ये दांडे खुडतात, जुलैच्या मध्याला गड्डे काढतात, दोन-तीन आठवडे सावलीत वाळवतात. ज्याने पाकळ्या लावल्या, तो जुलैत येतोच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात काहीच नसतं, तेव्हा मेपलच्या झाडाचा गोडसर रस. रात्री गोठणबिंदूखाली आणि दिवसा पाच-सहा अंश असं हवामान लागतं. किमान दहा-बारा इंच व्यासाच्या झाडाला दीड-दोन इंच खोल भोक पाडतात, जुन्या भोकापासून दूर. साधारण ४० लिटर रस आटवून एक लिटर पाक होतो. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या चार अंश वर तापमान गेलं की उतरवायचा. कळ्या फुगायला लागल्या की रसाला उग्र चव येते, तिथे हंगाम संपला. मुलांना भौतिकशास्त्र, झाडं आणि धीर हे तिन्ही एका कढईपाशी कळतात. शाळांना नेमकी फेब्रुवारीत एक आठवड्याची सुट्टी असते, त्यामुळे शेताला उन्हाळ्याआधी उत्पन्न मिळतं. प्राण्यांजवळ एकच नियम, तोही न मोडता: शेळी-कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुणं. सॅनिटायझरवर भागवत नाहीत, कारण मातीने माखलेल्या हातांवर तो नीट काम करत नाही.

आता जे आपल्याकडे नाही ते स्पष्ट मांडायला हवं. ही शेतं केवळ ग्राहकांच्या प्रेमावर उभी नाहीत. मॅसॅच्युसेट्सने १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक योजना आणली: जमिनीची बाजारातली किंमत आणि शेती म्हणून असलेली किंमत यांतला फरक सरकार शेतकऱ्याला देतं, आणि ती जमीन कायमची शेतीसाठी बांधली जाते. काही शेतं तर गावाच्याच मालकीच्या जमिनीवर आहेत. १९७५ पासून चालणारं नेटिकचं सामुदायिक सेंद्रिय शेत हे त्याचं उदाहरण. पुणे-नाशिकच्या कडेला गुंठ्याचा भाव रोज कानावर पडणाऱ्या शेतकऱ्याला ‘तू वर्ग घे’ असं सांगणं, पण जमीन टिकवण्याची काहीच सोय न करणं, हा अन्याय आहे. निदान सरकारी आणि संस्थांच्या जमिनी तरी आहेत: जिल्ह्याजिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रं, पुण्यात शिवाजीनगरला भर शहरात असलेलं कृषी महाविद्यालय. तिथे शाळेतल्या मुलांनी हंगामभर यावं, वाफा सांभाळावा, यासाठी नवा कायदा लागत नाही. या जमिनींकडे रिकामा भूखंड म्हणून पाहणाऱ्यांचा मला राग येतो.

अमेरिकेतल्या या पद्धतीची कमजोरीही आहे. एकरकमी ७०० डॉलर भरणारा वर्ग खाऊनपिऊन सुखी आहे. गरीब घरांसाठी सरकारी मदत आणि देणग्या जोडाव्या लागतात. आणि वीस आठवड्यांनंतर सगळं गोठतं. महाराष्ट्रात तीन हंगाम आहेत, आठवडी बाजार जिवंत आहेत, आणि मेथी म्हणजे काय हे शिकवायला वर्ग लागत नाही.

हुरड्याचंच घ्या. इतका उत्तम वर्ग हाताशी असून आपण त्याची पार्टी करून टाकली. दाणा चिकात असण्याचे दिवस मोजकेच असतात. चार दिवस पुढे गेले की तो निबर होतो. म्हणून ज्याला महिनाभर पाहुणे हवेत, त्याने १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरणी करायला हवी. शेवटचा टप्पा फार लांबवला तर ओल कमी पडते. वाण गूळभेंडी, सुरती किंवा राहुरीच्या विद्यापीठाचा फुले उत्तरा. आगटीत गोवऱ्यांचा निखारा हवा, ज्वाळा नको. ज्वाळेत कणीस बाहेरून करपतं आणि दाणा आत कच्चा राहतो. हे सगळं मुलांना पेरणीपासून दाखवा. सप्टेंबरमध्ये पेरायला, नोव्हेंबरमध्ये पाखरं राखायला आणि डिसेंबरमध्ये चोळायला तीच मुलं आली पाहिजेत. तीन भेटींचे पैसे एकदम, पेरणीआधी.

‘आपला ग्राहक आगाऊ पैसे देणार नाही’ हा आक्षेप मला पटत नाही. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य एकदम भरणारी घरं अजून आहेत. देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या फळ उतरण्याआधी नोंदवल्या जातात. भिशी तर घराघरांत चालते. विश्वासाची सवय आहे. फक्त भाजीवाल्याशी तसा व्यवहार फारसा कुणी मांडलेला नाही. ॲपवर मात्र ग्राहक टोमॅटो, कांदा, बटाटा एवढंच निवडतो आणि शेतातल्या बाकीच्या पाच भाज्या शेतकऱ्याच्या गळ्यात पडतात.

एका एकरावर, पंचवीस कुटुंबांसाठी, १० नोव्हेंबरपासून चौदा आठवडे चालेल असं गणित मांडता येतं. आठवड्याला पाच किलो भाजी ४०० रुपयांना धरली तर कुटुंबामागे ५,६०० आणि एकूण १ लाख ४० हजार. निम्मे ऑगस्टमध्ये, निम्मे दिवाळीआधी. वांग्याची रोपं ऑगस्टमध्येच टाकायला हवीत. चार-पाच आठवड्यांनी लावण, आणि पुढे पहिली तोडणी यायला साधारण दोन महिने. मेथी २५-३० दिवसांत येते, म्हणून दर आठवड्याला एक वाफा. एकदम पेरली तर एका आठवड्यात ढीग आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही. परतीचा पाऊस लांबला तर सपाट जमिनीवर मेथीची मर होते, तेव्हा ऑक्टोबरची पेरणी गादीवाफ्यावरच. गरजेपेक्षा वीस टक्के जास्त लावायचं आणि उरलेलं आठवडी बाजारात न्यायचं. तोट्याचं कलम कागदावर, मराठीत, पैसे घेण्याआधी: रोग किंवा पावसाने एखादी भाजी गेली तर बदली मिळेल ते, परतावा नाही. आणि पहिल्या वर्षी हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापुढे ओढू नये. २०१४ ची मोठी गारपीट फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होऊन मार्चपर्यंत चालली होती.