«यापेक्षा आपला राजगड बरा» : एका तारेच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की फ्रान्समध्ये बाईकवरून किल्ले दाखवतो म्हणून नेलं आणि पडक्या भिंती दाखवल्या, त्याही खालून. रविवारी उपाशी ठेवलं, ग्लोव्हजपायी पोलिसांचा दंड झाला आणि भूमध्य समुद्र अंधारात दाखवला. शेवटी लिहिलंय, «यापेक्षा आपला राजगड बरा, तोही फुकट.»

राजगड बराच. त्यावर माझं तुमच्याशी भांडण नाही.

आधी माझ्या चुका. ग्लोव्हज आमच्या सामानाच्या यादीत होते, पण नेक कॉलर आणि सनस्क्रीनच्या मधे, जणू आणले तर आणले. फ्रान्समध्ये 2016 पासून चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही प्रमाणित ग्लोव्हज कायद्याने लागतात. दंड 68 युरो. जागेवर भरलात म्हणून तुमचे 45 गेले. हे ब्रीफिंगमध्ये ठणकावून सांगणं माझं काम होतं. ते 45 युरो मी परत करतोय.

जेवणाचंही तेच. कार्कासोन या तटबंदीच्या शहरातून निघताना टाक्या भरून घ्यायला हव्या होत्या. मी म्हटलं, वाटेत भरू. रविवारी त्या भागातल्या पंपांवर माणूस नसतो, फक्त कार्डाचं मशीन. आपली तीन कार्डं मशीनने नाकारली, चौथं चाललं, तोवर पाऊण तास गेला. क्युक्युन्याँ या खेड्यात पोचलो तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि तिथल्या गावांत दोनला स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद. मालकीणबाई समोर ग्लास पुसत उभ्या होत्या, पण साधं ऑम्लेटसुद्धा मिळालं नाही. आठ जणांनी बॅकअप गाडीतल्या चिवड्यावर दिवस काढला. त्या जेवणाचे पैसेही परत मिळतील.

आता पडक्या भिंती. तुम्ही लिहिलंय की कार्कासोन «अखंड, खरा किल्ला» आणि बाकीचे दगडांचे ढीग. सर, हे नेमकं उलटं आहे! 1850 च्या सुमारास कार्कासोनची तटबंदीही पाडायला निघाली होती. 1853 पासून व्हिओले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने ती डागडुजी करून उभी केली. ते टोकदार छपरांचे बुरूज बरेचसे त्याच्या डोक्यातून आलेले आहेत आणि त्यावरून तज्ज्ञ अजून त्याला बोल लावतात. मलाही ते जरा जास्तच नीटनेटकं वाटतं. पेरपेर्त्यूज आणि केरिब्यूस या डोंगरी किल्ल्यांना तसं कुणी नटवलं नाही. चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर या ख्रिस्ती पंथीयांविरुद्ध 1209 मध्ये धर्मयुद्ध सुरू झालं, आणि 1255 मध्ये केरिब्यूस शत्रूच्या हाती पडला तो त्यांच्या अगदी शेवटच्या आसऱ्यांपैकी एक. पुढे हे किल्ले फ्रान्सच्या राजाचे सीमेवरचे पहारेकरी झाले. 1659 च्या तहात सीमा दक्षिणेला पिरेनीजच्या माथ्यावर सरकली आणि इथल्या शिबंदीला काही कामच उरलं नाही. ते असे पडले. ते पडके आहेत हे आमच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत आहे, फोटोसकट.

पेरपेर्त्यूजवर जाता आलं नाही, याचं वाईट मलाही वाटलं. «आभाळ निळंशार, पावसाचा थेंब नाही, तरी बंद कसा?» असं तुम्ही विचारलंत. तो त्रामोंतान वारा. वायव्येकडून येतो, कोरडा, आणि आभाळ धुऊन काढतो. त्या दिवशी पायथ्याच्या पार्किंगमध्ये तुमची बाईक साइड स्टँडवर असूनही हलत होती, आणि तुम्हीच ती धरून उभे होतात. पेरपेर्त्यूजच्या वरच्या बुरुजाकडे जाणाऱ्या पायऱ्या उघड्या कड्यात कोरलेल्या आहेत. राजगडाच्या बालेकिल्ल्याची वाट आठवा, आणि त्यावर असा वारा. गेट बंद केलं ते बरोबर केलं. याचे पैसे मी परत करणार नाही.

चुकलो ते नंतर. वारा पडेल या आशेवर मी तुम्हा सगळ्यांना दोन तास तिथे बसवून ठेवलं, आणि तो पडला नाही. तिथून सरळ निघालो असतो तर कोलिउर या भूमध्य समुद्रावरच्या बंदराला उन्हं असताना पोचलो असतो. सप्टेंबरअखेरीस तिथे पावणेआठच्या आत सूर्य मावळतो. आपण आठला पोचलो. ज्या बंदरावर 1905 च्या उन्हाळ्यात मातीस आणि देरँ हे चित्रकार रंग शोधत बसले होते, तिथे तुम्हाला काळं पाणी आणि दिव्यांची रांग दिसली. तुमचा राग मला कळतो.

पण एक गोष्ट तुमच्या अभिप्रायात कुठेच नाही. गालामुसची घळ. एका बाजूला डोक्यावर आलेला खडक, दुसऱ्या बाजूला कंबरेएवढा कठडा आणि खाली खोल नदी. समोरून एक गाडी आली आणि आपण आठही जण एका ओळीत खडकाला चिकटून थांबलो. हेल्मेटची काच वर करून तुम्ही मला काय म्हणालात ते इथे लिहीत नाही, कारण ते शिवीत होतं. पण ती कौतुकाची शिवी होती. आमची टूर त्या रस्त्याची आहे. किल्ले वाटेवर येतात.

पुढच्या तुकडीपासून हा टप्पा रविवारी ठेवलेला नाही, आणि कोलिउरला एक अख्खा दिवस वाढवलाय. पैसे या आठवड्यात तुमच्या खात्यात येतील.

आणि हो, दंडानंतर घेतलेल्या ग्लोव्हजपैकी डाव्या हाताचं आमच्या टॉप बॉक्समध्ये राहिलंय. ते पुण्याला आलंय. फोन केलात तर कुरिअर करतो.