बिनपाण्याची हजामत

माझ्या गाडीला पाणी लागत नाही. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, गळायला नळ्या नाहीत. ही गोष्ट मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला इतक्या कौतुकाने सांगत आलो आहे की हल्ली लोक मला पाहिलं की आधीच म्हणतात, "हो हो, पाणी लागत नाही." 1968 सालची फोक्सवॅगन बीटल. डिक्की पुढे, इंजिन मागे, चार सिलिंडर दोन्हीकडे आडवे पहुडलेले आणि त्यांना थंड ठेवायला नुसता वारा. अशी गाडी माणसाची हजामत करते तीही अर्थातच बिनपाण्याने.

सुरुवात लाल दिव्याने झाली. स्पीडोमीटरच्या तबकडीत शर्टाच्या गुंडीएवढा एक दिवा असतो. गाडी चालू असताना तो विझलेला असावा अशी अपेक्षा असते. त्याचं तत्त्व मोठं संसारी आहे. दिव्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला जनरेटर. दोघांचा जोर समसमान असला की दिव्यातून काहीच वाहत नाही. एकाने अंग काढून घेतलं की लगेच तोंड लाल. त्या दिवशी तो आधी मंद पेटला, मग भर रस्त्यात लखलखीत पेटला.

बीटलमध्ये हा दिवा लागला की पुढच्या वळणापर्यंत जाऊन बघू असं म्हणायची सोय नाही. जनरेटर ज्या शाफ्टवर फिरतो त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला इंजिन थंड करणारा पंखा आहे. दोघांना फिरवणारा पट्टा एकच. पट्टा तुटला तर वीज जाते आणि वाराही जातो, मग इंजिन भाजून निघतं. मी लगेच थांबलो, मागचं झाकण उघडलं, पट्टा पाहिला. ठणठणीत होता, फिरत होता. म्हणजे जनरेटर गेला. निदानाला मला दीड मिनिट लागलं. पुढचे तीन दिवस उपचाराचे.

माझा एक मित्र या गाड्यांत मुरलेला आहे. त्याला फोन केला.

"जनरेटर काढायचाय. कसा काढतात?"

"सोपं आहे रे. फक्त पट्टा काढायचा, फक्त कार्ब्युरेटर बाजूला करायचा, फक्त पंख्याचा टोप थोडा वर उचलायचा आणि फक्त मागे ओढायचा."

त्याच्या बोलण्यातला 'फक्त' हा शब्द मी तेव्हा ऐकला, पण मोजला नाही.

"आणि नवा मागवशील तो बारा व्होल्टचा. जुन्यांना सहाचा असायचा. 1967 च्या मॉडेलपासून सहाचे बारा झाले."

माझे मात्र सहावर न थांबता थेट बारा वाजले.

पहिला दिवस. बॅटरीची तार सोडवायची. बॅटरी कुठे? मागच्या सीटखाली. इंजिन मागे आहे म्हटल्यावर हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं, पण सीट उचलताना त्यातली स्प्रिंग माझ्याशी जे वागली ते शहाणपणाचं नव्हतं. मग पट्टा. पट्टा सैल करायला या गाडीत जनरेटर सरकवत नाहीत. पुलीच दोन ताटल्यांची असते आणि त्यांच्यामध्ये चकत्या असतात. चकत्या कमी केल्या की ताटल्या जवळ येतात, पट्टा वर चढतो, घट्ट होतो. वाढवल्या की सैल. काढलेल्या चकत्या टाकून द्यायच्या नाहीत, नटाखाली बाहेरच्या बाजूला घालून ठेवायच्या, म्हणजे गरज पडली की तिथेच सापडतात. इतकी समंजस व्यवस्था मी घरातल्या कपाटातही पाहिलेली नाही. पुलीच्या कडेला खाच असते, त्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवून पुली रोखायची आणि एकवीस नंबरच्या पान्याने नट फिरवायचा. हे चक्क पहिल्या फटक्यात जमलं. मी बायकोला हाक मारून दाखवलंही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, कारण पुली ओढली आणि शाफ्टवरची अर्धचंद्राकृती चावी टुणकन उडाली.

ही चावी नखाएवढी. पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेली. ती उडाली आणि 'टिंग' असा एक अत्यंत गोड आवाज आला. त्यानंतर आवाज नाही. म्हणजे ती जमिनीवर पडली नव्हती, इंजिनातच कुठेतरी विसावली होती.

मी तारेला लोहचुंबक बांधला आणि गळ टाकून बसलो. आता या इंजिनाची खासियत अशी की मूळ ठोकळा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, त्याला चुंबक चिकटत नाही. पण त्याच्याभोवती वारा वळवायला जे पत्रे बसवलेत ते सगळे लोखंडी. चुंबक प्रत्येक पत्र्याला जाऊन मिठी मारत होता. सोडवला की दुसऱ्या पत्र्याला. दीड तासाने मी वैतागून तो बाहेर काढला आणि बायकोला म्हणालो, "नाही सापडत."

"मग हे काय?" तिने चुंबकाच्या पाठीमागे बोट दाखवलं. चावी तिथे चिकटून बसली होती, कधीपासून कोण जाणे. काखेत कळसा आणि गावभर वळसा. पहिला दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर काढला आणि उघड्या पडलेल्या भोकात आधी फडकं कोंबलं. ते भोक थेट इंजिनाच्या पोटात जातं. त्यात नट पडला तर जनरेटरचं दुखणं किरकोळ वाटायला लागतं. मग जनरेटर ज्या पट्टीने पाळण्यातल्या बाळासारखा आवळून धरलेला असतो ती पट्टी सोडवली. तारांवर चिठ्ठ्या लावल्या. टोपाचे दोन्ही बाजूंचे स्क्रू काढले, गाडीखाली जाऊन थर्मोस्टॅट सोडवला. (पाणी नसलेल्या गाडीला थर्मोस्टॅट कशाला? वारा किती जाऊ द्यायचा ते ठरवायला. वाऱ्यालासुद्धा शिस्त आहे.) राहिले टोपाच्या पाठीमागचे चार स्क्रू. वरचे दोन दिसतात. खालचे दोन दिसत नाहीत, त्यांच्यावर श्रद्धा ठेवावी लागते. हात आत घालून, डोळे मिटून, दहा नंबरचा पाना एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांएवढा फिरवायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. 1938 पासून 2003 च्या 30 जुलैपर्यंत, मेक्सिकोतल्या पुएब्लाला शेवटची गाडी निघेपर्यंत, या मॉडेलच्या दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. पासष्ट वर्षांत त्या बनवणाऱ्यांपैकी एकालाही, आपल्याला एक बारीक मनगटाचा माणूस सापडला म्हणून सगळ्यांना वेठीला धरू नये, असं वाटलं नाही.

शेवटी जनरेटर पंख्यासकट बाहेर आला. आता पंखा नव्यावर चढवायचा. त्याचा नट छत्तीस नंबरचा. एवढी मोठी गोटी, म्हणजे नटावर बसवायचं सॉकेट, घरात नसते. मित्राकडे होती, कारण मागच्या चाकाचा नटही याच मापाचा असतो. नट फिरवला की शाफ्टच गरगर फिरे. मित्राने फोनवर सांगितलं, "फक्त पुली परत चढव, जुना पट्टा तिच्यात घाल आणि पट्टाच वाइसच्या जबड्यात आवळ." जमलं. नट सुटला तेव्हा मी टॉमीसकट, म्हणजे गोटीच्या दांड्यासकट, भिंतीवर गेलो, ते सोडून द्या.

नवा जनरेटर लावण्याआधी तो मोटर म्हणून फिरवून बघायचा असतो. बॅटरी शेजारी ठेवली, ऋण टोक त्याच्या अंगाला, डीएफ लिहिलेलं टोक त्याच अंगाला, धन टोक डी प्लस लिहिलेल्या टोकाला टेकवलं. आणि जो आयुष्यभर वीज देण्यासाठी जन्माला आला, तो वीज खाऊन आपणहून फिरायला लागला. बायको टाळ्या वाजवत होती. मी दोन पावलं मागे सरकलो होतो.

सगळं उलट्या क्रमाने बसवलं. पंखा आणि त्याच्या पाठीमागची पत्र्याची ताटली यांच्यात दोन मिलिमीटरची फट राखली. अदृश्य स्क्रू पुन्हा श्रद्धेने बसवले. रात्री मित्राला अभिमानाने फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "छान. ताटलीतली हवेची खाच खाली आहे ना?"

खाच वर होती.

तिसरा दिवस म्हणजे पहिले दोन दिवस पुन्हा एकदा, फक्त जरा वेगाने आणि शिव्या देऊन. (बघा, माझ्याही तोंडात 'फक्त' आलं.) संध्याकाळी पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, साधारण दीड सेंटिमीटर दबला, बरोबर. गाडीची चावी फिरवली. लाल दिवा लागला, इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला. मी तो विझलेला दिवा किती तरी वेळ बघत बसलो. न दिसणाऱ्या गोष्टीकडे इतकं टक लावून मी आधी कधी पाहिलेलं नाही.

आत आलो तर बायको टेबलावर जुना जनरेटर घेऊन बसली होती. त्याच्या कडेच्या फटीतून तिने स्प्रिंग बाजूला करून एक काळा तुकडा उपसला होता.

"हा काय?"

"कार्बन ब्रश."

"इतकासाच?"

नवा असताना तो बराच मोठा असतो. हा झिजून जेमतेम उरला होता, आतल्या तांब्याला टेकतसुद्धा नसणार, मग वीज बाहेर येणार कुठून? बाकी जनरेटर हाताने लोण्यासारखा फिरत होता.

"हा बदलायला जनरेटर गाडीतून काढावा लागतो?"

मी मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "छे! गाडीतच बदलतात. फक्त एक छोटा आरसा धरायचा."

"मग तू हे आधी का नाही बोललास?"

"तू विचारलंस जनरेटर कसा काढायचा. का काढायचा, हे कुठे विचारलंस?"