आफ्रिकेवरची परिषद आणि व्हिसाची रांग

समकालीन आफ्रिकी समाजांवरच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी काही वर्षांपूर्वी मी युरोपात गेलो होतो. ज्या सत्रासाठी मी मुद्दाम लवकर जाऊन पुढची जागा धरली होती, त्यात नैरोबीतील ‘चामा’वर एक शोधनिबंध होता. चामाचे साधे रूप म्हणजे आपली भिशी. ठरावीक मंडळी दरमहा ठरावीक रक्कम काढतात आणि ती आळीपाळीने एकेकाच्या हातात पडते. घानात हिला ‘सुसु’ म्हणतात, तर दक्षिण आफ्रिकेत ‘स्टॉकवेल’. २००७ मध्ये केनियात एम-पेसा आले आणि मोबाइलवरून पैसे पाठवणे सोपे झाले. त्यानंतर वर्गणीसाठी एकमेकींच्या घरी बसण्याची गरज उरली नाही. मग त्या बैठकीतून येणाऱ्या विश्वासाचे आणि धाकाचे काय झाले, हा निबंधाचा विषय होता. निबंधलेखिका मात्र आल्या नव्हत्या, कारण त्यांना व्हिसा मिळाला नव्हता. सत्राध्यक्षांनी निबंध वाचून दाखवला आणि तो नीट वाचला, परंतु प्रश्नोत्तरांच्या वेळी “हे लेखिकाच सांगू शकतील” एवढेच ते तीनदा म्हणाले.

शोधनिबंध घरी बसून वाचता येतो. परिषद भरवायची ती प्रश्नासाठी, त्या प्रश्नावर लेखकाच्या चेहऱ्यावर उमटणाऱ्या विचारासाठी आणि नंतर चहाच्या टेबलावर होणाऱ्या खऱ्या वादासाठी. ज्यांच्या समाजाची चर्चा आहे तेच त्या टेबलाशी नसतील, तर आपण आफ्रिकेविषयी आपापसांत बोलत राहतो.

हा वाद जुना आहे. १९६० साली मॉस्कोत प्राच्यविद्यातज्ज्ञांची जागतिक परिषद भरली, तोवर आफ्रिकेचा अभ्यास हा त्या मोठ्या मंडपातील एक कोपरा होता. तेथे जमलेल्या आफ्रिका-अभ्यासकांनी वेगळी चूल मांडायचे ठरवले आणि डिसेंबर १९६२ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती घानातील आक्राजवळच्या लेगॉनला, विद्यापीठाच्या आवारात. उद्घाटन घानाचे राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी केले आणि अध्यक्षपदी नायजेरियाचे इतिहासकार केनेथ ऑनवुका डिके होते. लिखित दफ्तर नाही म्हणून इतिहास नाही, या समजुतीला ज्यांनी मौखिक परंपरेचा पुरावा देऊन उत्तर दिले, त्यांपैकी डिके एक होत. १९६७ची परिषद डाकारला आणि १९७३ची अदिस अबाबाला झाली. अमेरिकेतील आफ्रिका-अभ्यासकांच्या संघटनेच्या १९६९च्या माँट्रियल अधिवेशनात तर कृष्णवर्णीय अभ्यासकांनी व्यासपीठाचाच ताबा घेतला आणि कार्यकारिणीत निम्म्या जागा मागितल्या. परिषद कोठे भरते आणि व्यासपीठावर कोण बसते, हा केवळ व्यवस्थापनाचा प्रश्न नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

आजचा अडथळा अधिक सभ्य आहे. कोणी कोणाला ‘येऊ नका’ म्हणत नाही, उलट निमंत्रण फार अगत्याचे असते. मग बँकेचे विवरणपत्र, नोकरीचे पत्र, परतीचे तिकीट, बोटांचे ठसे असा क्रम सुरू होतो. कित्येकदा आपल्या देशात वकिलात नसल्यामुळे शेजारच्या देशात जाऊन अर्ज करावा लागतो. युरोपातील बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या सामाईक शेंगेन व्हिसाचे शुल्क आता ९० युरो आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. नकाराचे कारणही ठरलेले: तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही. कधी होकारही येतो, पण परिषद संपल्यावर. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात आफ्रिकेच्याच आर्थिक विकासावर एक शिखर परिषद भरली, तिला आफ्रिकेतून एकही प्रतिनिधी पोहोचू शकला नाही, कारण सर्वांचे व्हिसा नाकारले गेले होते.

म्हणून माझे मत असे आहे की आफ्रिकेवरील मोठ्या परिषदा आफ्रिकेतच भराव्यात, आणि युरोपीय संस्थांनीही आपले द्वैवार्षिक संमेलन एखादे वर्ष तेथे न्यावे. २००५ मध्ये लंडनला सुरू झालेले आफ्रिका-अभ्यासाचे युरोपीय संमेलन लायडन, लाइपझिग, उप्साला, लिस्बन असे फिरत २०२५ मध्ये प्रागला पोहोचले. युरोपीय संमेलन युरोपातच भरणार, हे मला समजते. तरीही एकदा भूमध्य समुद्र ओलांडायला हरकत काय आहे? २०१३ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकेतील अभ्यासकांच्या संघटनेने २०१५ मध्ये इबादानला, २०१७ मध्ये पुन्हा लेगॉनला आणि २०१९ मध्ये नैरोबीला परिषदा घेऊन दाखवल्या आहेत.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आफ्रिकेतल्या आफ्रिकेत फिरणेही सोपे नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाण्यासाठी कधी कधी पॅरिस किंवा इस्तंबूलमार्गे विमान घ्यावे लागते, आणि शेजाऱ्याचा व्हिसा मिळवतानाही दमछाक होते. घानाने २०२५च्या आरंभी सर्व आफ्रिकी नागरिकांना व्हिसामुक्त प्रवेश देण्याची घोषणा केली, रवांडा आणि बेनिन हे त्याआधीच करून बसले होते. बाकीचे देश सावकाश चालले आहेत. शिवाय १९७३ पासून डाकारहून काम करणाऱ्या कोडेसरियासारख्या सामाजिक शास्त्रांच्या संशोधनातील मातब्बर संस्थेलाही युरोपीय देणगीदारांकडे पाहावे लागते. तरीही पीतज्वराची लस टोचून घेऊन मी नैरोबीला जाणे आणि नैरोबीच्या संशोधिकेने युरोपच्या दारात उभे राहणे, यांत फार फरक आहे.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात १९७१ पासून आफ्रिका अध्ययन केंद्र आहे, हे मुंबईकरांनाही बहुधा ठाऊक नसते. पण भारतात आफ्रिकेवर चर्चासत्र भरले की दुसऱ्या सत्रापर्यंत विषय चीनवर घसरतो, हा माझा कंटाळवाणा अनुभव आहे. खाणी, बंदरे आणि कर्जे यांवर तासन्‌तास बोलणारी मंडळी भिशीवर पाच मिनिटे देत नाहीत.

त्या संशोधक बाईंना मी परत आल्यावर ईमेलने विचारले की पहिली उचल घेऊन एखादी सभासद गायब झाली तर फोनवरच्या चामात तिला शोधतात कसे. उत्तर तीन आठवड्यांनी आले, सविस्तर आणि मिस्कील. शेवटी त्यांनी मला विचारले होते की तुमच्याकडे पहिला नंबर चिठ्ठी टाकून ठरतो की गरज पाहून, आणि चिठ्ठी कोण उचलते? मला दोन बहिणींना फोन करून विचारावे लागले.