सहा पिनांचा माज

एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डबीतून, मदरबोर्डला वीज नेणाऱ्या मुख्य जोडणीला २४ पिना असतात. म्हणजे असायला हव्यात. आधी २० होत्या, नंतर ४ वाढल्या, पण जुनं-नवं एकमेकांशी जुळत राहील एवढं भान ते वाढवणाऱ्यांना होतं. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्सचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांच्या ठरलेल्या मापांचा, आराखडा आणला आणि बोर्डाला भोकं कुठे, मागच्या पोर्टांची चौकट केवढी, कुठल्या वायरीत किती व्होल्ट, सगळं ठरून गेलं. तेव्हापासून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जायचं, बजेटमधला एसएमपीएस उचलायचा, घरी येऊन लावायचा. अर्धा इंची नळ कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तितकं सोपं.

आणि मग हे ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपवाले. यांना सहाच पिना पुरतात!

भाच्यासाठी रिफर्बिश्ड मशीन घेतलं. कुठल्यातरी ऑफिसमधून लॉटमध्ये निघालेला लहानसा काळा डबा. प्रोसेसर अजून दणकट, रॅम वाढवता येते, एसएसडी टाकली की पळतं. फक्त एक ग्राफिक्स कार्ड टाकायचं होतं. पोरगं ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकेन म्हणतंय (गेम खेळणार, मला माहितीये, खेळू दे). झाकण काढलं आणि टाळकं सटकलं.

एसएमपीएस १८० वॅटचा. ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी वायर नाहीच. स्लॉटमधून नियमाने फार तर ७५ वॅट मिळणार, म्हणजे तेवढ्यात भागणारं आणि वर डब्याच्या उंचीत मावणारं बुटकं कार्ड शोधा. अशी कार्डं मोजकी, आणि मोजकी म्हणून विकणारे भाव खाणार. बरं, मोठा एसएमपीएस लावू म्हटलं तर तो डब्यात मावत नाही. बाहेर लोंबकळत ठेवला तरी लावणार कुठे? बोर्डावर सहा पिनांचं भलतंच सॉकेट. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलला आठ. हार्ड डिस्कची वीजसुद्धा एसएमपीएसमधून नाही, बोर्डातून निघते, आणि तिची वायरही यांची खास.

यावर उपाय म्हणून २४ ची ६ करणारी वायर ऑनलाइन मिळते. काही मॉडेलांना नुसती वायरही चालत नाही, स्टँडबायचे, म्हणजे मशीन बंद असतानाही येत राहणारे, ५ व्होल्ट वाढवणारं छोटं सर्किट मध्ये लागतं. ते कुणी बनवलं, कुणी तपासलं, आत तांबं आहे की नुसता तांब्याचा रंग, देव जाणे. असल्या बेनामी वायरीवर मी पोराच्या खोलीत रात्रभर मशीन चालू ठेवू?

मग म्हटलं, जाऊ दे तो डबा, बोर्ड काढून साध्या कॅबिनेटमध्ये टाकू. तिथेही यांनी पाचर मारून ठेवलीये. मागची पोर्टांची चौकट डब्याच्या पत्र्यातच कोरलेली, सुटी निघत नाही. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचे स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन खाली डब्याच्या पत्र्यात बसतात, त्यामुळे डबा गेला की कूलरला धरायला काही उरत नाही. साध्या बोर्डाला पॉवर बटणाच्या दोन पिना क्षणभर टेकवल्या की मशीन सुरू होतं. इथे बटण, दिवा, पुढचे यूएसबी, सगळं यांच्या खास वायरीवर, आणि ती लावली नाही की चालू होताना स्क्रीनवर तक्रार: पुढची केबल सापडली नाही, एफ-वन दाबा. पंखा बाजारातला लावला तर: पंखा बिघडलाय, एफ-वन दाबा. झाकण काढलं होतं, त्याचीसुद्धा नोंद! अरे, माझ्या पैशाने घेतलेल्या डब्याचं झाकण मी काढलं, तू कोण विचारणारा?

ऑफिसमधला एक शहाणा म्हणाला, पिना कमी कारण एसएमपीएसकडून १२ व्होल्टच घेतात, त्याने वीज वाचते, बाकीचे व्होल्ट बोर्ड स्वतः बनवतो. वाचते ना, मान्य. पण त्यासाठीही इंटेलने एटीएक्स-१२व्हीओ नावाचा १० पिनांचा खुला आराखडा काढलाय. तो वापरा. वीज वाचवायला दर कंपनीचं वेगळं सॉकेट कशाला लागतं? आणि हा माज आजचा नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका बड्या अमेरिकी कंपनीने सॉकेट दिसायला हुबेहूब एटीएक्सचं ठेवलं आणि आतल्या वायरींची जागा बदलली. कुणी बाजारातला एसएमपीएस लावला की बोर्ड जळायची भीती. त्यापेक्षा हे सहा पिनांचं बरं म्हणायचं, निदान तोंडावर तरी सांगतं की बसणार नाही.

कस्टमर केअरला फोन केला. सर, हे मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही, नवीन मॉडेलवर ऑफर आहे, लिंक पाठवू का? मोठा एसएमपीएस मिळेल का, हे विचारलं होतं मी. उत्तर एका ओळीत आलं असतं. पण ते द्यायचंच नसतं, कारण तीस वर्षांचा चालता आराखडा मोडला तो याच लिंकसाठी.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं. चांगलं केलं, वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटरची माहिती एका जागी मिळते. पण मला सर्व्हिस सेंटरचा पत्ता नकोय हो. मला बोर्डावर २४ पिनांचं सॉकेट हवंय. आणि यांच्याच खोक्यांवर पर्यावरणाची हिरवी पानं छापलेली असतात! चालता प्रोसेसर, चालती रॅम, चालता बोर्ड केवळ एका सॉकेटपायी भंगारात जाणार, आणि पान मात्र हिरवंगार.

दुकानदार म्हणतो, काका, परत द्या, थोडे वर टाका, असेंबल्ड घेऊन जा. नाही देत. बोर्डाची मापं घेऊन झालीत. रविवारी कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे डबा नेणार, मागचा पोर्टांचा पत्रा ग्राइंडरने कापून घेणार, कूलरखाली पट्टी ठोकून घेणार. वायर मीच बनवणार, जाड तांब्याची, मल्टिमीटर लावून. कंपनीला आणखी एक छदाम मिळणार नाही.