‘साखर शून्य, कितीही खा’? ओट्स कुकीजचा मेसेज जरा तपासून बघू

ओव्हनशिवाय होणाऱ्या ओट्स कुकीजचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. ओट्स, पीनट बटर आणि मध कालवा, गोळे चपटे करा, फ्रीजमध्ये ठेवा. इथवर ठीक आहे, कुकीज छानच होतात. पण पुढची यादी बघा: साखर शून्य, साखरेच्या कुकीजमध्येही तेवढाच मध चालतो, सगळं कच्चं म्हणून पोषण पूर्ण, कोलेस्टेरॉल उतरतं, ग्लुटेन नाही, तान्ह्या बाळालाही चालतं, कितीही खा.

‘साखर शून्य.’ मधात जवळपास 80 टक्के साखरच असते, बाकी बहुतेक पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सूचनांत मधातली साखरही मर्यादेतच धरली आहे. आता हिशेब करू. 180 ग्रॅम ओट्स, 125 ग्रॅम पीनट बटर, 110 ग्रॅम मध यांच्या 16 कुकीज केल्या, तर एकीत नुसत्या मधातून साडेपाच ग्रॅम साखर आणि एकूण सुमारे 110 कॅलरी येतात. गप्पा मारता मारता पाच सहज संपतात. म्हणजे साडेसत्तावीस ग्रॅम साखर. 2000 कॅलरींच्या आहाराला मर्यादा 50 ग्रॅमची आहे, आणि 25 च्या आत राहिलं तर उत्तम. ‘कितीही खा’ इथेच निकालात निघतं.

‘साखरेच्या कुकीजमध्येही साखरेऐवजी तेवढाच मध घाला.’ हे केलंत तर हाती चिकट लगदा येईल. ओव्हनशिवाय होणाऱ्या साखरेच्या कुकीजच्या जुन्या पद्धतीत साखर, दूध, लोणी आणि कोको खळखळून मिनिटभर उकळतात, मग ओट्स घालतात. मिश्रण गार होताना साखरेचे बारीक कण पुन्हा जमतात आणि कुकी घट्ट होते. उकळी कमी पडली तर ती बसत नाही, जास्त झाली तर भुगा होतो. मधातलं फ्रुक्टोज असं सहज जमत नाही, शिवाय त्यात मुळातच पाणी असतं. मधाच्या कुकीला धरून ठेवतं ते पीनट बटर आणि फ्रीजचा गारवा. तेव्हा या दोन वेगळ्या कृती आहेत, त्यांची सरमिसळ नको.

‘कच्चं म्हणून पौष्टिक.’ पाकिटातले चपटे ओट्स कच्चे नसतातच. ओट्समध्ये स्निग्धांश बराच असतो आणि तो फोडणारं एन्झाइमही. त्यामुळे ते लवकर खवट होतात. म्हणून कारखान्यातच त्यांना वाफ देतात. बेकिंगने बी1 सारखं जीवनसत्त्व थोडं घटतं, पण तंतू आणि खनिजं जागेवर राहतात. ओव्हन न लावल्याने वाचतो तो वेळ आणि घाम!

‘कोलेस्टेरॉल उतरतं.’ अर्धं खरं. ओट्समधल्या बीटा-ग्लुकान या तंतूचा उपयोग होतो, पण त्यासाठी रोज 3 ग्रॅम लागतात. ओट्समध्ये ते साधारण 4 टक्के असतं, म्हणजे वरच्या एका कुकीत अर्धा ग्रॅमही नाही. 3 ग्रॅमसाठी सहा-सात कुकीज, म्हणजे सातशेच्या वर कॅलरी! तेवढंच बीटा-ग्लुकान 75 ग्रॅम ओट्स शिजवून खाल्ले तर तीनशेच्या आत मिळतं.

‘ग्लुटेन नाही.’ ग्लुटेन म्हणजे गहू-बार्लीतलं प्रथिन. ओट्समध्ये ते मुळात नाही, पण शेतात आणि गिरणीत गहू-बार्ली मिसळतात. सीलिअॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांनी ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलं पाकीट घ्यावं, तेही डॉक्टरांना विचारून.

‘तान्ह्या बाळालाही चालतं.’ अजिबात नाही. वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नसतो. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. ओव्हनमधून काढलेल्या मधाच्या कुकीलाही हेच लागू, कारण तेवढ्या उष्णतेने ते मरत नाहीत.