स्लीप स्टडीत बाळाला 'करंट' देत नाहीत

नागपूरच्या आईबाबांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे: बाळाची स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) करू नका, वायरींतून करंट सोडतात, झोपेचं औषध पाजतात, घोरणारं लेकरू गाढ झोपेत असतं, शंका असेल तर बाळाच्या पायात घालायचा स्मार्ट मोजा पुरतो, आणि सगळ्या बाळांना ही तपासणी लागतही नाही.

करंटचं आधी. वायरी असतात, पण त्या ईसीजीसारख्या नुसत्या टिपतात. शरीरात काही सोडत नाहीत.

औषधाचं तर नेमकं उलट आहे, झोपेचं औषध पाजत नाहीत. औषधाने झोप आणि श्वास दोन्ही बदलतात, मग मोजायचं काय? आई शेजारीच असते, नेहमीसारखं पाजते. फक्त त्या दिवशी टाळूवर तेल थापू नका, वायरींच्या टोकाचे इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. आजीला आधीच सांगून ठेवा.

'घोरणं म्हणजे गाढ झोप' हे मात्र घातक आहे. सर्दीत दोन-चार रात्री घोरणं वेगळं. रोजच घोरणं, श्वास अडून दचकणं, बरगड्यांखाली खड्डा पडणं, मान मागे टाकून झोपणं, हे दाखवायलाच हवं. मोठ्यांचा श्वास 10 सेकंद अडला की तो मोजतात. बाळाचे दोन श्वास चुकले तरी पुरे. मोठ्यांमध्ये तासाला 5 पर्यंत अडथळे चालतात, मुलांमध्ये 1 झाला तरी डॉक्टर सावध होतात. डाउन सिंड्रोम असलेलं मूल घोरत नसलं तरी 4 वर्षांचं होईपर्यंत ही तपासणी करावी, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुलं बरीच. रात्री ऑक्सिजन उतरणं त्यांना जास्तच बाधतं.

पायातला स्मार्ट मोजा ऑक्सिजन नि ठोके सांगतो, कारण नाही. तपासणीत छाती-पोटावर पट्टे आणि नाकाशी नळी असते. पट्टे हलताहेत पण हवा येत नाही, तर वाट अडली आहे, बहुधा नाकामागच्या ॲडेनॉइड किंवा घशातल्या टॉन्सिलच्या गाठींनी. पट्टेही थांबले, तर मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम आला नाही. दोन्हींचे उपचार वेगळे.

सगळ्यांना तपासणी लागत नाही, हे मात्र पटलं. रात्री उठून दूध मागणाऱ्या धडधाकट बाळाला ती कशाला? शंका असेल तर बाळाची छाती उघडी ठेवून उजेडात व्हिडिओ काढा आणि नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तेवढी दोन मिनिटं कूलर बंद करा, नाहीतर घोरणं ऐकूच येणार नाही.