कारच्या लायसन्सवर ट्रक? निकाल वाचा तरी!

‘सुप्रीम कोर्टाचा दणका! आता कारच्या लायसन्सवर कुठलाही ट्रक चालवा. रिकाम्या गाडीचं वजन ७,५०० किलोच्या आत असलं की झालं. परमिट नको. अपघात झाला तर विमा कंपनीला पैसे द्यावेच लागतील.’ भाच्याने हा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, हेवी लायसन्सचा खर्च वाचला!’ पठ्ठ्या खडी वाहणाऱ्या सहाचाकी ट्रकवर बसायला निघालाय.

निकाल खरा आहे. ६ नोव्हेंबर २०२४, रंभा देवी प्रकरण, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. एलएमव्ही, म्हणजे कारसारख्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवाल्याला एकूण ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायला ‘ट्रान्सपोर्ट’चा वेगळा शेरा लागत नाही, एवढंच त्यात म्हटलंय. म्हणजे छोटा हत्ती खुशाल चालवा. तेही नवं नाही. २०१७च्या मुकुंद देवांगन निकालात हेच होतं. विमा कंपन्यांना ते पटेना, म्हणून प्रकरण घटनापीठापर्यंत गेलं. ई-रिक्षा आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांच्या जादा अटी तर तशाच आहेत.

आता ते ‘रिकाम्या गाडीचं वजन’. हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे! मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२१)मध्ये रिकामं वजन धरलंय ते कार, ट्रॅक्टर आणि रोड-रोलरचं. मालवाहू गाडीचं धरायचं मालासकट एकूण वजन, आरसीवर जीव्हीडब्ल्यू म्हणून असतं ते. भाच्याचा ट्रक रिकामा काट्यावर साडेसात टनांच्या आत भरेलही, पण आरसीवर १८,५०० किलो आहे. खडीचा एक दाणाही न भरता नुसता डिझेल भरायला न्यायचा म्हटलं तरी हेवीच लागणार.

परमिटचा या निकालाशी संबंध नाही. ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला सूट आहे, पण ती कलम ६६मध्ये आधीपासूनच आहे.

विम्याचं अर्धं खरं, मान्य करावं लागेल. साडेसात टनांच्या आतल्या गाडीचा दावा केवळ शेरा नाही म्हणून आता फेटाळता येणार नाही. पण त्याहून जड गाडी चालवणाऱ्याकडे तिचं लायसन्सच नसेल, तर कोर्टं बरेचदा कंपनीला सांगतात, जखमीला आधी द्या आणि मालकाकडून वसूल करा. हे ऐकल्यावर कुठला मालक भाच्याच्या हाती किल्ली देईल?

एलएमव्हीला वर्ष झालं आणि वयाची वीस पूर्ण झाली की हेवीचं लर्निंग काढता येतं. भाच्याचं दोन्ही झालंय. सोमवारी आरटीओत जा म्हटलं, आणि मेसेज जिथे जिथे टाकलास तिथून आधी काढ.